सरकारी संस्थेचा वार्षिक अहवाल संसदेत गेला, पुढे काय? माग कसा काढायचा ते सांगतो

पेपरात कधीतरी कोपऱ्यात एक ओळ येते, अमुक संस्थेचा वार्षिक अहवाल संसदेत सादर, आणि आपण समजतो की चला, खासदारांनी वाचला असेल, चर्चा झाली असेल, काही गडबड असेल तर कुणाला तरी झापलं असेल. तसं काही नसतं हो. पटलावर ठेवला, म्हणजे सभागृहात अधिकृतपणे सादर केला, एवढंच. मंत्री उभे राहतात, माझ्या नावापुढे दाखवलेली कागदपत्रं पटलावर ठेवतो असं म्हणतात आणि बसतात, की लगेच पुढचे मंत्री. खरी तपासणी झालीच तर नंतर होते, वेगवेगळ्या समित्यांमध्ये, तुकड्यातुकड्यात, आणि बऱ्याच अहवालांच्या नशिबात तीही नसते. पण या सगळ्यातून जे कागद तयार होतात ते कुणालाही बघता येतात, आणि कुठला कागद कुठे सापडतो हे एकदा कळलं की घरबसल्या एखाद्या संस्थेची कुंडली मांडता येते. यूपीएससीवाले, पत्रकार, आरटीआय करणारी मंडळी, किंवा ज्यांची पेन्शन, फेलोशिप, अनुदान अशा एखाद्या संस्थेत अडकलंय, त्या सगळ्यांसाठी हे लिहितोय.

पहिली गोष्ट, अहवाल कुणाचा ते नीट बघा, कारण इथेच घोळ होतो. मंत्रालयाचा वार्षिक अहवाल वेगळा आणि त्या मंत्रालयाखालच्या संस्थेचा वेगळा. मंत्रालयाचा अहवाल साधारण बजेटच्या सुमाराला, अनुदानाच्या मागण्यांच्या, म्हणजे खर्चासाठी मंत्रालयं संसदेकडे मागतात त्या रकमांच्या, आगेमागे येतो, आणि त्यात तुमच्या संस्थेबद्दल दोन परिच्छेद आणि एक फोटो असतो, फार तर. आपल्याला हवाय तो संस्थेचा स्वतःचा अहवाल, लेखापरीक्षण झालेल्या हिशेबांसकट. मग ती संस्था कशी जन्माला आली ते बघायचं. संसदेच्या कायद्याने झालेली असेल, म्हणजे सेबी (शेअर बाजाराची नियामक), ट्राय (दूरसंचारची नियामक), केंद्रीय विद्यापीठं वगैरे, तर त्या त्या कायद्यातच एक कलम असतं की वार्षिक अहवाल सरकारला द्या आणि सरकारने तो दोन्ही सभागृहांपुढे ठेवावा. सरकारी कंपनी असेल तर कंपनी कायदा २०१३ चं कलम ३९४ लागतं, म्हणजे कंपनीची वार्षिक सर्वसाधारण सभा झाली की तीन महिन्यांत अहवाल तयार करायचा आणि मग लवकरात लवकर संसदेपुढे ठेवायचा, सोबत ऑडिट रिपोर्ट आणि त्यावरचे कॅगचे, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांचे, शेरे. आणि सोसायटी म्हणून रजिस्टर झालेली, सरकारी अनुदानावर चालणारी स्वायत्त संस्था असेल तर तिच्यासाठी सरकारचे सामान्य वित्तीय नियम, ज्याला सगळे जीएफआर म्हणतात, ते बघायचे.

जीएफआर २०१७ मधल्या तीन तारखा पाठच करून टाका, पुढचं सगळं यावरच चालतं. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपलं की मंजूर झालेले हिशेब ३० जूनपर्यंत ऑडिटकडे गेले पाहिजेत, ऑडिटचा अंतिम अहवाल ३१ ऑक्टोबरपर्यंत निघाला पाहिजे, आणि अहवाल व हिशेब ३१ डिसेंबरपर्यंत मंत्रालयाकडे, पटलावर ठेवण्यासाठी. ही डिसेंबरची मुदत हवेतून नाही आली. लोकसभेत १९७५ पासून एक समिती आहे, पटलावर ठेवलेल्या कागदपत्रांची समिती, तिने घालून दिलेला दंडक म्हणजे वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत अहवाल आणि हिशेब दोन्ही एकत्र पटलावर यायला हवेत. नाही जमलं तर नऊ महिने उलटल्यावर तीस दिवसांत, का जमलं नाही याचं विवरण ठेवायचं, आणि तेव्हा सभागृह चालू नसेल तर ते बसलं की लगेच.

आता इथे एक गंमत आहे जी नियमात दिसत नाही. हिवाळी अधिवेशन बहुतेकदा ३१ डिसेंबरच्या आधीच, नाताळच्या सुमाराला गुंडाळलं जातं. म्हणजे ३१ डिसेंबरला अहवाल मंत्रालयात पोचवणारी संस्था नियमाने वेळेत असली तरी तो पटलावर येणार बजेट अधिवेशनात, जानेवारीच्या शेवटाला किंवा त्यानंतर, आणि नऊ महिन्यांची मुदत तर गेलेली. त्यामुळे हिवाळी अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसांत पटलावर कागदांचा ढीग पडतो. एखादा अहवाल फेब्रुवारीत आला तर लगेच बोंब मारू नका, पण तो पुढच्या पावसाळी अधिवेशनात किंवा त्याच्या पुढच्या वर्षी आला असेल तर मात्र थांबून बघायचं, आत काहीतरी अडलेलं असतं.

शोधायचं कुठे? संसद डॉट इन वर लोकसभा आणि राज्यसभा असे दोन वेगळे भाग आहेत, दोन्हीकडे त्या त्या दिवसाची कार्यावली (दिवसभराच्या कामकाजाची यादी) आणि पटलावर ठेवलेली कागदपत्रं मिळतात. मेन्यूची जागा मधूनमधून बदलते, वैताग येतो, पण असतं. जुनं काही हवं असेल तर संसदेची डिजिटल लायब्ररी आहे. आणि लाइव्ह बघायची हौस असेल तर लोकसभेत प्रश्नोत्तराचा तास ११ ते १२, म्हणून कागद साधारण १२ वाजता ठेवतात, राज्यसभेत २०१४ च्या शेवटापासून प्रश्नोत्तरं १२ ला सरकवली त्यामुळे तिथे कागद सकाळी ११ लाच, सुरुवातीला. दोन्ही सभागृहांतल्या तारखा वेगळ्या असू शकतात, दोन्ही नोंदवा. शोधताना फक्त संस्थेच्या नावाने शोधू नका कारण नावाचं स्पेलिंग हिंदी-इंग्रजीत कसंही असतं, त्यापेक्षा मंत्रालय निवडून अधिवेशनाच्या तारखा टाका आणि यादी डोळ्याखालून घाला, वेळ जातो पण सुटत नाही काही.

सापडलं की नोंद साधारण अशी दिसते: अमुक खात्याचे राज्यमंत्री पुढील कागदपत्रं ठेवतील, (१) अमुक संस्थेचा २०२२-२३ चा वार्षिक अहवाल, लेखापरीक्षित हिशेबांसह, (२) संस्थेच्या कामकाजाचा सरकारने केलेला आढावा, (३) वरील कागदपत्रं ठेवायला झालेल्या विलंबाची कारणं दाखवणारं विवरण. लोक सरळ (१) उघडतात. मी म्हणतो आधी (३) आहे का बघा. ते असेल तर संस्था लेट आहे हे संस्थेनेच लिहून दिलंय, तुम्हाला वेगळं सिद्ध करायची गरज नाही. त्यातली कारणं पण ठरलेली असतात, ऑडिट रिपोर्ट उशिरा मिळाला, गव्हर्निंग बॉडीची मीटिंग झाली नाही, हिंदी भाषांतर आणि छपाईला वेळ लागला. चांगलं विवरण तारखांसकट असतं, हिशेब ऑडिटला कधी दिले, ऑडिटवाले कधी आले, रिपोर्ट कधी मिळाला, मंत्रालयाला कधी पाठवला. त्या तारखा एका कागदावर ओळीने मांडा आणि सगळ्यात मोठी फट कुठे आहे बघा. "ऑडिट उशिरा झालं" असं लिहिणाऱ्या संस्थेने हिशेबच ३० जूनऐवजी ऑक्टोबरात दिले असतील तर दोष कुणाचा हे तारखाच सांगतात. आणि उशीर झालाय पण (३) यादीत नाहीच, तर तो स्वतंत्र मुद्दा झाला, लिहून ठेवा.

(२) म्हणजे सरकारचा आढावा, हा मंत्रालयाने संस्थेबद्दल स्वतःचं मत द्यावं म्हणून असतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा संस्थेच्या अहवालातलेच परिच्छेद उचलून चिकटवलेले आणि शेवटी कामकाज समाधानकारक आहे. दोन-तीन वर्षांचे आढावे शेजारी शेजारी ठेवून बघा, आकडे सोडून वाक्यं तीच आढळली तर मंत्रालयाने किती लक्ष घातलंय ते कळलं.

आता ऑडिट, आणि इथे जरा रेंगाळायचं कारण माल इथेच आहे. स्वायत्त संस्थेच्या हिशेबांवर कॅगचा जो सेपरेट ऑडिट रिपोर्ट असतो, ऑफिसात सगळे एसएआर म्हणतात, तो अहवालाच्या शेवटी, हिशेबांच्या आसपास छापलेला असतो, चारसहा पानं, फोटो नाही, रंग नाही, म्हणून कुणी बघत नाही. त्यात आधी ताळेबंद, मग उत्पन्न-खर्च, मग अनुदान, अशा क्रमाने शेरे असतात. या कामाचा खर्च मालमत्तेत दाखवला नाही, अमुक देणं दाखवलंच नाही, निवृत्ती लाभांची तरतूद ॲक्चुरियल पद्धतीने, म्हणजे पुढे किती द्यावं लागेल याचा शास्त्रीय अंदाज काढून, केली नाही, असे. पुढे नेट इम्पॅक्टचा भाग असेल तर तो आधी वाचा, सगळ्या शेऱ्यांचा मिळून परिणाम किती ते तिथे रुपयांत लिहिलेलं असतं, मालमत्ता इतक्याने जास्त दाखवली, देणी इतक्याने कमी. अनुदानाच्या भागात वर्षाला किती मिळालं, किती खर्चलं, किती शिल्लक राहिलं ते असतं, दरवर्षी मोठी रक्कम शिल्लक राहत असेल आणि तरी संस्था पैसे नाहीत म्हणत असेल तर पकडा तिथेच.

एसएआरमध्ये आणखी दोन जागा बघायच्या. एक म्हणजे शेवटची पुरवणी, तिथे अंतर्गत लेखापरीक्षण, अंतर्गत नियंत्रण, मालमत्तेची प्रत्यक्ष मोजणी, मालसाठ्याची मोजणी आणि वैधानिक देणी (पीएफ, टॅक्स वगैरे) वेळेवर भरली का, यावर प्रत्येकी दोनचार ओळी असतात. मालमत्तेची प्रत्यक्ष मोजणी अमुक वर्षापासून झालेली नाही ही ओळ तिथे वर्षानुवर्षं तशीच सापडते, मागचे एसएआर काढून बघा, नुसतं वर्ष बदललेलं असतं. दुसरी जागा म्हणजे एक साधं वाक्य, की ज्या त्रुटी या अहवालात घेतल्या नाहीत त्या स्वतंत्र मॅनेजमेंट लेटरद्वारे व्यवस्थापनाच्या नजरेला आणल्या आहेत. ते लेटर सहसा अहवालात छापत नाहीत. पण ते आहे हे आता तुम्हाला कॅगच्याच कागदावरून कळलं, म्हणजे आरटीआयमध्ये नेमकं काय मागायचं ते ठरलं.

सरकारी कंपनीचं थोडं वेगळं. तिथे ऑडिटर सीएची फर्म असते पण नेमणूक कॅग करतो, आणि फर्मचा रिपोर्ट आल्यावर कॅगला ६० दिवसांत पूरक ऑडिट करून शेरे देता येतात. शेरे निल असतील तर निल असं लिहिलेलं असतं, असतील तर त्याखाली कंपनीचं उत्तरही छापतात. उत्तरात "नोंद घेतली, पुढील वर्षी दुरुस्ती करू" असेल तर पुढच्या वर्षीचा अहवाल उघडून बघायचाच.

बाकी अहवालाचा पुढचा चकचकीत भाग, अध्यक्षांचं मनोगत, दीपप्रज्वलनाचे फोटो, ते सोडा. एकच युक्ती पुरते: मागच्या वर्षीच्या अहवालात पुढच्या वर्षी काय करणार म्हणून लिहिलं होतं ते काढा आणि या वर्षीच्या कामगिरीशी ताडून बघा. जे उद्दिष्ट गुपचूप गायब झालं त्याला खूण करा. मंजूर पदं आणि भरलेली पदं याचं कोष्टक असेल तर तेही, अर्धी संस्था रिकामी असताना कामगिरी १०० टक्के कशी हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा ना.

हे विचारायचं काम कुणाचं, तर समित्यांचं, आणि प्रत्येकीचं काम वेगळं आहे, ते कळलं नाही तर भलत्याच ठिकाणी शोधत बसाल. वर सांगितलेली पटलावरच्या कागदपत्रांची समिती, लोकसभेत १५ सदस्यांची, राज्यसभेत वेगळी १० सदस्यांची, ही मुख्यतः कागद वेळेत आले का, पूर्ण आले का, उशिराची कारणं पटण्यासारखी आहेत का हे बघते. संस्था काम काय करते यात ती फार खोल शिरत नाही. माझं मत विचाराल तर संसदेतली ही सगळ्यात दुर्लक्षित आणि तरी आपल्या सगळ्यात कामाची समिती आहे, कारण ती एकेक संस्था पकडून मागच्या कित्येक वर्षांच्या तारखांचं कोष्टकच छापते, मंत्रालयाच्या सचिवांना बोलावून विचारते, आणि त्यांची उत्तरं अहवालात येतात. तुमची संस्था तिच्या एखाद्या अहवालात असेल तर तुमचं अर्धं काम झालेलंच आहे.

कामाच्या आशयाबद्दल हवं असेल तर खात्यांशी निगडित स्थायी समित्या. १९९३ मध्ये १७ होत्या, २००४ पासून २४ आहेत, प्रत्येकीत ३१ खासदार, २१ लोकसभेचे आणि १० राज्यसभेचे. यांच्या कामाच्या यादीत मंत्रालयांचे वार्षिक अहवाल तपासणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे, पण त्यांचा मोठा वेळ अनुदानाच्या मागण्या आणि विधेयकं यात जातो, त्यामुळे वार्षिक अहवालावर स्वतंत्र रिपोर्टची वाट बघत बसू नका, अनुदानाच्या मागण्यांवरचा रिपोर्ट उघडा आणि त्यात संस्थेचं नाव शोधा, पैसे का खर्च झाले नाहीत, पदं का रिकामी, हे तिथे सापडतं. आणि लक्षात ठेवा, २४ पैकी १६ समित्या लोकसभेकडे आणि ८ राज्यसभेकडे आहेत. शिक्षण, आरोग्य, गृह, उद्योग, वाणिज्य, परिवहन-पर्यटन-संस्कृती, विज्ञान व पर्यावरण, कार्मिक व कायदा या आठ राज्यसभेच्या बाजूला. म्हणजे एखाद्या केंद्रीय विद्यापीठाबद्दल लोकसभेच्या समित्यांच्या पानावर शोधाल तर काही मिळणार नाही आणि उगाच वाटेल की काही झालंच नाही.

कंपनी असेल तर सार्वजनिक उपक्रम समिती, १९६४ पासूनची, २२ खासदार. ही दरवर्षी निवडक कंपन्या आणि निवडक विषय घेते, सगळ्यांना हात लावणं शक्यच नाही. लोकलेखा समिती पण २२ चीच, १९६७ पासून तिचा अध्यक्ष विरोधी पक्षाचा असतो, ती कॅगच्या अहवालांमागे जाते. मानवी हक्क आयोगासारख्या संस्थांना आणखी एक गोष्ट लागू आहे, १९९३ च्या कायद्यानुसार त्यांच्या अहवालासोबत सरकारने कारवाईचं टिपण ठेवायचं असतं आणि शिफारस मानली नसेल तर का मानली नाही ते लिहायचं असतं. ते टिपण अहवालाइतकंच महत्त्वाचं, कधी कधी जास्त.

समितीचा रिपोर्ट सापडला म्हणून तिथेच थांबू नका, खरा सामना पुढे असतो. रिपोर्ट आला की सरकारने साधारण तीन महिन्यांत उत्तर द्यायचं, आणि त्यावर समिती ॲक्शन टेकन रिपोर्ट, म्हणजे शिफारशींवर काय कारवाई झाली याचा अहवाल, काढते. याची रचना ठरलेली आहे, पाच प्रकरणं. पहिलं समितीचं स्वतःचं म्हणणं, दुसरं सरकारने मान्य केलेल्या शिफारशी, तिसरं ज्या समितीने सरकारचं उत्तर ऐकून सोडून दिल्या, चौथं ज्यांची उत्तरं समितीला पटली नाहीत, पाचवं ज्यांची अंतिम उत्तरं अजून यायचीयेत. सरळ चौथं उघडा. भांडण तिथे आहे. मग पाचवं, तिथे टाळाटाळ आहे. दुसऱ्या प्रकरणात "मान्य" लिहिलेलं बघून खूश होऊ नका, पुष्कळदा मान्य म्हणजे संबंधितांना सूचना पाठवल्या आहेत एवढंच. याशिवाय स्थायी समित्यांच्या शिफारशींचं काय झालं यावर मंत्र्याने दर सहा महिन्यांनी सभागृहात निवेदन करायचं असतं, लोकसभेत ते अध्यक्षांच्या निर्देश ७३ अ खाली येतं, त्या नावाने शोधलं तर सापडतं.

एवढं सगळं करूनही फटी राहतात, त्या भरायला दोन रस्ते. एक खासदार. तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराच्या ऑफिसला मोघम तक्रार पाठवू नका, अतारांकित प्रश्नाचा, म्हणजे ज्याचं उत्तर फक्त लेखी येतं अशा प्रश्नाचा, तयार मसुदा पाठवा, चार ओळींचा, की अमुक संस्थेचे मागील पाच वर्षांचे अहवाल कुठल्या तारखांना पटलावर ठेवले, विलंबाची कारणं काय, एसएआरमधल्या शेऱ्यांवर काय कारवाई केली. ऑफिसातल्या माणसाला आयतं मिळालं तर पुढे जायची शक्यता वाढते, आणि उत्तर लेखी येतं, कायमचं रेकॉर्डवर. नोटीस किमान १५ दिवस आधी द्यावी लागते म्हणून अधिवेशन सुरू झाल्यावर जागे होऊ नका.

दुसरा आरटीआय. दहा रुपये फी, केंद्राच्या संस्थांसाठी ऑनलाइन होतं, ३० दिवसांत उत्तर यायला हवं. "उशीर का झाला" असं विचारू नका, का ला माहिती अधिकाऱ्याकडे हमखास उत्तर असतं की अशी माहिती अभिलेखात उपलब्ध नाही. तारखा आणि कागद मागा: हिशेब ऑडिटला पाठवल्याच्या पत्राची प्रत, अंतिम एसएआर मिळाल्याची तारीख, मॅनेजमेंट लेटरची प्रत आणि त्याला संस्थेने दिलेलं उत्तर, अहवाल मंत्रालयाला पाठवल्याच्या पत्राची प्रत. कधी कधी माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(सी) दाखवतात, की संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग होईल. अहवाल पटलावर येऊन गेला असेल तर हे कारण टिकायला नको, पहिल्या अपिलात पटलावर ठेवल्याची तारीख आणि कार्यावलीची प्रत जोडा. अजून आला नसेल तर अहवालातला मजकूर मागूच नका, फक्त तारखा मागा, त्यात विशेषाधिकाराचा प्रश्न आणणं त्यांना अवघड जातं.

राज्याच्या महामंडळांचं हेच सगळं विधिमंडळात चालतं, कंपनी असेल तर कलम ३९४ ऐवजी ३९५, समित्यांची नावं लोकलेखा, सार्वजनिक उपक्रम, अंदाज, ओळखीचीच. तिथे मात्र अहवाल ऑनलाइन शोधत बसण्याआधी कॅगचे राज्याच्या सार्वजनिक उपक्रमांवरचे अहवाल बघा, कुठल्या महामंडळाचे किती वर्षांचे हिशेब थकलेत याची यादी त्यात असते, आणि हिशेबच झालेले नसतील तर वार्षिक अहवाल कुठून येणार.